गौतमीची ड्यूटी आणि माझा दौरा

आमच्या वडगाव रासाईतनं परदेशी जाऊन आलेली माणसं आता पुष्कळ झाली. कुणाचा पोरगा दुबईला, कुणाची लेक कॅनडात. भीमेच्या काठानं फिरायला निघालं तर समोरून येणारा माणूस कानाला फोन लावून, जिथं अजून उजाडलेलंसुद्धा नाही अशा मुलखातल्या माणसाशी ऊस किती वाढला ते बोलत असतो. त्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. पण परदेशात जाऊन, हात जोडून, डोळे मिटून, आपल्याच नातीचं मशीन बंद पाडणारा माणूस आमच्या भागात अजून तरी एकच आहे. तो मी.

माझं नाव म्हाळू. सगळे आबा म्हणतात. दौंडला रेल्वेत गँगमन होतो, रुळांवरनं चालून चालून रिटायर झालो. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. त्यातली सातवी मास्तरांनी मला पास केली ती माझ्या हुशारीमुळं नाही, आणखी एक वर्ष माझ्या गोष्टी ऐकायची त्यांची तयारी नव्हती म्हणून.

पण ही गोष्ट माझी नाही, माझी नात गौतमी हिची आहे. मी मध्येमध्ये येतो ती माझी सवय. घरात कुणाचाही फोटो काढायला लागले तरी मध्ये मीच येतो.

गौतमी लहानपणापासून अबोल. माझ्या घरात अबोल माणूस जन्माला आलं याचंच जाईबाईला, म्हणजे माझ्या मंडळीला, मोठं समाधान. पोरगी बोलायची नाही, पण उघडायची. रेडिओ उघड, मिक्सर उघड, रानातल्या मोटरीचा स्टार्टर उघड. एकदा मी तिला रागानं म्हणालो, "आगं, शॉक बसंल!" तर म्हणाली, "आबा, मेन बंद हाय. तुमीच सकाळी चालू करायला इसारला." रान तहानलेलं आणि मी पिंपळाखाली गोष्ट सांगत बसलेलो.

पुढं तिनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागली. कंपनी कोंबड्यांचं खाद्य करायची मशिनरी बनवते. मका, सोया, पेंड एका तोंडानं आत जातं, दुसऱ्या तोंडानं पोती भरून बाहेर येतं. हे सगळं ज्याच्या सांगण्यावरनं चालतं ते पॅनेल, म्हणजे माणसाच्या उंचीचं एक कपाट असतं. आत नुसत्या वायरी. ते गौतमी जोडते. मशीन जिथं जाईल तिथं स्वतः जाऊन चालू करून देते. मांडवगण फराट्याला एका लग्नात मांडवातली लाईट गेली. वायरमन जेवायला बसला होता. गौतमीनं पर्समधला टेस्टर काढला, भरजरी साडीचा पदर खोचला आणि त्याचं श्रीखंड संपायच्या आत लाईट आणली. जालिंदर नावाचा तो वायरमन अजून मला भेटला की आधी पोरीची चौकशी करतो, मग माझी.

मशिनरी देशाबाहेर जायला लागली तशी गौतमीसुद्धा जायला लागली. नेपाळ, बांगलादेश, व्हिएतनाम. मला वाटायचं, पोरगी जग बघतीय. ती आली की मी मांडी घालून समोर बसायचो.

"काय बघितलं गं?"

"शेड."

"आन् त्याच्या म्होरं?"

"म्होरं त्यांचं गोडाऊन होतं."

"आगं, समुद्र न्हाई का तिथं?"

"इमानातनं निळं काय तरी दिसलं. मी ड्रॉइंग बघत होते."

अशानं गोष्ट कशी व्हायची सांगा! विमानतळ, हॉटेल, शेड, परत विमानतळ. पोस्टातलं पार्सलसुद्धा याच्यापेक्षा जास्त गावं बघतं.

त्याला कारण होतं. तिच्याच कंपनीत पप्पू नावाचा फिटर आहे, दौंड तालुक्यातल्या भांडगावचा. हाताला फार चांगला. थायलंडचं काम संपल्यावर हा पठ्ठ्या कुणाला न सांगता तिथंच राहिला. भाड्यानं मोटारसायकल घेतली आणि समुद्राकडं बघत बघत खांबाला धडकला. हात मोडला. इकडं कंपनीला वाटतंय पोरगा विमानात आहे, विमानवाल्यांना वाटतंय पोरगा आला नाही. त्याची आई सारजाबाई थेट कंपनीच्या गेटवर येऊन उभी. "माझं पोरगं कुठं हाय ते सांगा, न्हाई तर मी हितनं हालत न्हाई." सांगणार कोण? कुणालाच माहीत नव्हतं. विमावाले म्हणाले, कामावर असता तर आमचा, मजेवर होता तर आमचा नाही. मोठ्या साहेबांनी वैतागून हुकूम काढला, काम संपलं की त्याच दिवसाचं विमान. कुणी कुठंही थांबायचं नाही.

हुकूम निघाला आणि माणसं बाहेरच्या कामाला नको म्हणायला लागली. चांगली दोघं-तिघं नोकरी सोडून गेली. उरलेली दौऱ्यावरनं आली की आजारी पडायची. कंपनीत माणसांचं बघतात त्या प्रतिभा मॅडम, शिरूरच्याच. त्यांच्या ध्यानात आलं की दार बंद करून भागायचं नाही, दाराला उंबरा पाहिजे. नेमकी तेव्हाच गौतमीला श्रीलंकेची ड्यूटी लागली.

आता श्रीलंकेचं आणि माझं एक नातं आहे. आमच्या विहारात दर पौर्णिमेला मी संघमित्रेची गोष्ट सांगतो. बोधिवृक्षाची फांदी घेऊन ती जहाजातनं लंकेला कशी गेली, तिथं अनुराधपूरला ती कशी लावली, आणि त्या झाडाची अजून पूजा कशी होते. सांगताना मी लाटांचा आवाजसुद्धा काढतो. पोरं म्हणतात, तो आवाज बोअरच्या पंपासारखा येतो. असू दे. गौतमीनं ती गोष्ट जन्मापासून ऐकलेली. ती मॅडमकडं गेली आणि म्हणाली, काम झाल्यावर मला जोडून रजा द्या, आबांना झाड दाखवायचंय.

मॅडमनी तिला समोर बसवलं. त्यांनी एक नियमावली करायला घेतलीच होती. ग्राहकानं काम पूर्ण झाल्याची सही दिली की ड्यूटी संपली, तिथनं पुढची रजा. रजेतला खर्च ज्याचा त्याचा, विमा मात्र त्या दिवसांचासुद्धा आधीच काढायचा. कंपनीचा लॅपटॉप फिरायला न्यायचा नाही. रोज संध्याकाळी कुठं आहे ते कळवायचं. ज्या कामाला जायचं त्याच कामाचा व्हिसा हवा. परतीचं तिकीट ठरलेलं, ते हलणार नाही.

"हे आपण तुझ्यावर करून बघणार," मॅडम म्हणाल्या. "नीट पार पडलं तर सगळ्यांना लागू. गडबड झाली तर साहेब हा विषय परत टेबलावर येऊ देणार नाहीत. पप्पूबरोबरची पोरं, तुझ्या विभागातल्या मुली, सगळे वाट बघतायत. आणि हो, अजून जाहीर झालेलं नाही. गाजावाजा नको."

गौतमीनं घरी येऊन हे सगळं मला सांगितलं. शेवटचं वाक्य तिनं परत सांगितलं. मग जाईबाईनं सांगितलं. मग जाईबाईनं मला ते म्हणून दाखवायला लावलं. मी म्हणालो, "गाजावाजा न्हाई."

आणि खरंच, मी कुणाला सांगितलं नाही. फक्त पोपटरावांना सांगितलं.

पोपटराव म्हणजे आमचे माजी सरपंच. आमची आळी वेगळी, त्यांची वेगळी, पण शाळेत एका बाकावर बसून आम्ही एकाच मास्तरांचा मार खाल्लेला. आमच्या भागात एखाद्याला आनंद झाला की तो पोटात ठेवायची रीत नाही, फाट्यावर लावायची रीत आहे. पोरगं दहावीला पास झालं, फ्लेक्स. सोसायटीवर निवड झाली, फ्लेक्स. कुणाच्या बैलाचा वाढदिवस, फ्लेक्स. पोपटराव म्हणाले, "म्हाळू, गावाचं नाव लंकेत चाललंय आन् फाटा मोकळा? आरं, लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "गाजावाजा करायचा न्हाई, असं ठरलंय."

"गाजावाजा कोन करतंय? म्या वाजंत्री न्हाई लावत. निस्ता फ्लेक्स."

हे मला पटलं. इथं माझ्या सातवीचा प्रश्न येतो, पण ते जाऊ द्या. फोटो मीच दिला. गॉगल घातलेला, नातवाच्या लग्नातला. मजकूरसुद्धा मीच सांगितला: "कंपनीच्या वतीने श्रीलंका दौऱ्यावर निघाल्याबद्दल म्हाळू आबा यांचे हार्दिक अभिनंदन." मी ढगातनं बाहेर आलेलो, मागं विमान, आणि खालच्या कोपऱ्यात शुभेच्छुकांच्या रांगेत, पोपटरावांच्या पुतण्याच्या शेजारी, बटाट्याएवढी गौतमी.

त्या फाट्यावरनं कोण जातं? कंपनीची बस.

दुसऱ्याच सकाळी सगळ्या कारखान्यात एकच विषय. हिच्या आजोबाला कंपनी फिरायला नेते, मग माझ्या सासूनं काय घोडं मारलंय? एकानं तर आत्याचा अर्ज दिला. मोठ्या साहेबांनी मॅडमना बोलावलं, मॅडमनी गौतमीला. ड्यूटी राहिली, रजा रद्द.

पोरगी घरी आली. डबा ठेवला, हातपाय धुतले, आणि मला एक अक्षर बोलली नाही. ती एरवीही बोलत नाही, पण न बोलण्यातसुद्धा जाती असतात. जाईबाई मात्र बोलली.

"पोरीनं तोंड उघडून आजवर कवा काय मागितलं न्हाई. एकदा मागितलं, ते बी तुमच्यापायी. आन् तुमी ढगात!"

मला रात्रभर गादी टोचली. सकाळी टोपी घातली आणि बस धरून कंपनीच्या गेटवर गेलो. वॉचमननं विचारलं, कुणाला भेटायचंय. मी नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला, "अरे! फ्लेक्सवाले आबा!" आणि माझ्यासोबत सेल्फी काढला. प्रसिद्धी म्हणतात ती हीच.

प्रतिभा मॅडम चष्म्यातनं माझ्याकडं बघत बसल्या. मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी हाय. पोरीला ठाऊकसुद्धा नव्हतं. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

"आबा, तुम्ही आमच्या पगारावर नाही. शिक्षा कशी देऊ?"

"मग मी एक तोडगा सांगतो. आमच्या रेल्वेत ड्यूटीचा पास वेगळा आन् घरच्या मंडळीला फिरवायचा पास वेगळा. एकाचं काम दुसऱ्यावर चालत न्हाई. तसं करा की."

मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. "हे कलम दोनमध्ये आधीच लिहिलंय, आबा. अडचण नियमाची नाहीच. लोकांना वाटतंय कंपनी फुकट नेतेय, ती अडचण आहे."

मी उठलो. जी घाण जिथं केली ती तिथंच पुसायची, हे मला गँगमनच्या नोकरीनं शिकवलेलं. पोपटरावांना गाठलं. चार दिवस गेले नाहीत तोवर फाट्यावर दुसरा फ्लेक्स उभा राहिला. वर मोठ्या अक्षरांत "खुलासा". खाली: "म्हाळू आबा स्वतःच्या खर्चाने व स्वतःच्या हौसेने जात आहेत. कु. गौतमी कामाला जात आहे. काम पुरे झाल्याची सही मिळाल्यावर ती रजेवर असेल. कंपनीचा आबांशी काहीएक संबंध नाही. तरी कोणी गैरसमज करून घेऊ नये." फोटो मात्र पोपटरावांनी तोच ठेवला. म्हणाले, "गॉगलचे पैसं वसूल व्हायला पायजेत."

पुढचं मला गौतमीनं सांगितलं. साहेबांची गाडी फाट्यावर थांबली, मागं आली, परत थांबली. साहेब मॅडमना म्हणाले, "आपलं सर्क्युलर कोणी वाचत नाही. हे सगळी बस उतरून वाचतेय. जाऊ द्या तिला. पण आता एक जरी गडबड झाली तरी विषय कायमचा बंद."

पासपोर्टच्या ऑफिसात माझ्या बोटांचे ठसेच उठेनात. आयुष्यभर सब्बल आणि फावडं धरून रेघा पुसलेल्या. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, जोरात दाबा." मी एवढं दाबलं की मशीन टेबलावरनं सरकलं. फोटोला म्हणाली, हसू नका. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी फुकटात अशक्य काम सांगितलं. जाईबाई आली नाही. म्हणाली, "मला एसटीत मळमळतं. आन् तुमच्याशेजारी बसून समुद्र वलांडायचा म्हंजी तुमची गोष्ट संपंपतोर उतरताबी यायचं न्हाई."

कोलंबोला उतरलो, तिथनं कुरुनेगला नावाच्या शहराजवळ खाद्याची गिरणी होती, तिकडं गेलो. गौतमीनं हॉटेलात मला खोली दाखवली, पंखा दाखवला, नळ दाखवला आणि म्हणाली, "आबा, आता माझी ड्यूटी चालू. सही व्हईपतोर तुमी साईटवर यायचं न्हाई."

"न्हाई येत."

"शपथ?"

"आगं, शपथ कशाला, माझा शब्द हाय."

"म्हणूनच शपथ," ती म्हणाली.

सुरुवातीचे दिवस मी शहाण्यासारखा राहिलो. हॉटेलातल्या पोऱ्याला मी मराठीत गोष्टी सांगायचो, तो मला सिंहलीत सांगायचा, दोघं पोट धरून हसायचो. मग ट्रायलचा दिवस आला. मशीन अख्खी पाळी न थांबता चाललं पाहिजे, मगच मालक सही करणार. गौतमी पहाटेच गेली आणि जाईबाईनं बांधून दिलेल्या दशम्यांचा डबा टेबलावर विसरली. जाईबाईनं निघताना मला बजावलं होतं, पोरगी कामात जेवण विसरते, तेवढं बघा. आता तुम्हीच सांगा, आजोबानं काय करावं? मी पांढरं धोतर नेसलो, पांढरा सदरा, पांढरी टोपी, डबा घेतला, आणि हॉटेलच्या पोऱ्यानं बोलावलेल्या टुकटुकमध्ये बसलो. टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच, फक्त चालवणारा जास्त हसरा.

गिरणीच्या फाटकावर वॉचमननं माझा उपासकासारखा पांढरा वेश बघितला आणि दोन्ही हात जोडले. आत घेऊन गेला. जिथं पोती भरतात त्या हॉलमध्ये खुर्ची दिली, चहा दिला. दहा-बारा कामगार माझ्याकडं बघून हसायला लागले. मी त्यांच्याकडं बघून हसलो. बोलायला काहीच नाही. हिंदी त्यांना येत नव्हती, इंग्रजी मला. माझ्यासारख्या माणसाची ही केवढी कोंडी! तेवढ्यात मला भिंतीला काचेच्या कपाटात छोटी बुद्धमूर्ती दिसली, समोर दिवा आणि पांढरी फुलं. मी चपला काढल्या, टोपी काढली, हात जोडले आणि आमच्या विहारातल्या सुरात म्हणालो, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स."

मागनं आवाज आला. तेच शब्द. सूर जरा लांबवलेला, पण शब्द तेच. मी वळून बघितलं तर पोती उचलणारा, पोती शिवणारा, काटा बघणारा, सगळे हात जोडून उभे. अंगावर काटा आला हो! इतक्या दूर, समुद्रापलीकडं, आणि मला त्यांचं बोलणं येत होतं.

इथं शहाण्या माणसानं थांबायचं असतं. मी त्रिशरण घेतलं. ते झाल्यावर पंचशील घेतलं. तरी लोक हलेनात, म्हाताऱ्या पाहुण्याला मध्येच सोडून कोण जाणार? मला वाटलं, माणसांची श्रद्धा दांडगी आहे, आपण कमी पडता कामा नये. मी बुद्धवंदना धरली. डोळे मिटले. मध्येच कुठं तरी भोंगा वाजला. मला वाटलं, इथं वंदनेला शंख वाजवायची पद्धत असेल. मग एकाएकी सगळा खडखडाट थांबला. काय ती शांतता! विहारातसुद्धा मला अशी शांतता कधी लाभली नव्हती. मी मनात म्हणालो, याला म्हणतात ध्यान.

डोळे उघडले तर डोक्यावर हेल्मेट घातलेली गौतमी समोर.

"आबा," ती म्हणाली, "पोती कोन उचलतंय?"

कुणीच नव्हतं. पोती उचलणारा हात जोडून उभा होता. वरची टाकी गळ्यापर्यंत भरली, पॅनेलला ते कळलं, आणि गौतमीनंच जोडलेल्या बुद्धीनं त्यानं स्वतःहून मशीन बंद केलं. म्हणजे पॅनेल बरोबर चाललं. चुकलो तो मी एकटाच. पण ट्रायल मोडली ती मोडली. पहिल्यापासून परत, दुसऱ्या दिवशी.

मी डबा पुढं केला. तिनं तो घेतला. बरं वाटलं असं म्हणवत नाही.

मालक भला माणूस. तो हसला आणि गौतमीला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. संध्याकाळी हॉटेलच्या ओट्यावर तिनं मला त्याचा अर्थ सांगितला. तो म्हणत होता, कंपनीला कळव की वीज गेली होती. कोण बघायला येतंय?

मी म्हणालो, "मग कळव की! आपल्याकडं लाईट गेली म्हटल्यावर कोन न्हाई म्हणतं?"

तिनं हातातला टेस्टर पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "आबा, पप्पूनं बी सांगितलं नव्हतं. तितनंच समदं सुरू झालं. आता मी खोटं कळवलं तर तो नेम कुनासाठी केलाय? आन् खरं कळवलं तर नेमच ऱ्हात न्हाई."

एवढी लांब वाक्यं मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

तिनं मॅडमना फोन लावला. स्पीकरवर ठेवला. काहीही न वगळता सगळं सांगितलं. डबा, टुकटुक, बुद्धवंदना, टाकी. म्हणाली, "मॅडम, रजेतला एक दिवस गेला. परतीचं तिकीट ठरलंय ते मी हलवत न्हाई. साहेब म्हणत असतील तर ऱ्हायलेल्या दिवसाची रजासुद्धा मी सोडते."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मला वाटलं, मॅडम कलम शोधतायत.

मग मॅडम म्हणाल्या, "वंदना पूर्ण झाली का?"

"झाली, मॅडम."

"बरं झालं. साहेबांना मी सांगते, आत्ताच. तू उद्याची ट्रायल कर. सही झाली की लॅपटॉप हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेव आणि मला फोन कर."

"आन् आबा?"

"जागा असेल तर आबांनाही लॉकरमध्ये ठेव."

दुसऱ्या दिवशी मी खोलीच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. हॉटेलच्या पोऱ्याला गौतमीनं काहीतरी सांगून ठेवलं असावं, कारण मी दारात आलो की तो हसत हसत आडवा उभा राहायचा. संध्याकाळी ती आली. तिच्या कपाळावर तेलाचा डाग होता. "सही झाली," म्हणाली. लॅपटॉप लॉकरमध्ये गेला. मॅडमचा निरोप आला: साहेबांनी उरलेला दिवस दिलाय, पुढचं परत आल्यावर बोलू.

अनुराधपूरला आम्हाला एकच दिवस मिळाला. फाटकात चपला काढल्या, टोपी काढली. वाळू तापलेली. चहूकडं पांढऱ्या कपड्यातली माणसं, आमच्या धम्मचक्र दिनाला असतात तशी. मी गोष्टीत ते झाड आभाळाला टेकवलेलं. प्रत्यक्षात म्हाताऱ्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. सगळा देश त्याला हाताला धरून उभा आहे असं दिसतं. माझ्या शेजारी एक बाई कमळं घेऊन बसली होती. तिनं त्यातलं एक मला दिलं.

गौतमी कठड्याला टेकून बसली. फोन बंद. ड्रॉइंग नाही, पॅनेल नाही. वर पानांकडं बघत होती. आधी मला वाटलं, टेकूचे नटबोल्ट बघतीय. पण नाही, नुसती बघत होती. मी गप्प बसून तिच्याकडं बघत राहिलो. बऱ्याच वेळानं तिचं लक्ष माझ्याकडं गेलं, तर घाबरून तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

"आबा, बरं न्हाई का वाटत?"

"का गं?"

"बोलंना झालाय."

परत आलो. कंपनीत बैठक झाली. गौतमीला आत बोलावलं तेव्हा मी घरी विहिरीवर बसून पाण्यात खडे टाकत होतो आणि जाईबाई मला खडे मारायच्या बेतात होती. संध्याकाळी बसमधनं उतरली ती पळतच आली. पळताना मी तिला शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

साहेब म्हणाले होते, "पप्पू कुठं आहे हे त्याच्या आईनं गेटवर येऊन विचारलं, तरी आपल्याला माहीत नव्हतं. आणि या वेळी लंकेत एका म्हाताऱ्यानं वंदना म्हटली, ती आपल्याला त्याच संध्याकाळी कळली. अजून काय पाहिजे? करा लागू."

नियम आता कंपनीत सगळ्यांना आहे. बाहेरच्या कामाला नको म्हणणारी माणसं आता आधी नंबर लावतात. मॅडमच्या मसुद्यात नव्हतं असं एक कलम मात्र शेवटी वाढलंय. सोबत आलेल्या नातेवाइकानं कोणत्याही कारणास्तव, अगदी धार्मिक कारणासाठीसुद्धा, कामाच्या जागी पाऊल ठेवायचं नाही. नाव लिहिलेलं नाही. पण कॅन्टीनमध्ये सगळे त्याला आबांचं कलम म्हणतात. माझ्या रेल्वेत इतकी वर्षं गेली, पण तिथं माझ्या नावानं साधा सिग्नलसुद्धा नाही.

परवा पप्पू त्याच नियमानं व्हिएतनामला जाऊन आला. या वेळी आईला घेऊन. भांडगावला पोचल्या पोचल्या सारजाबाईनं मला फोन लावला.

"म्हाळूआबा, तुमचं काय करावं मी? पोरगं कामाला जायचं आन् मी दिसभर हाटेलात कोंडलेली! खिडकीतनं निस्ती भित. खाली उतरलं की त्यो वाचमन म्हणायचा, नो साईट, नो साईट. म्या म्हणलं, ह्यो नेम कुनी केला? पप्पू म्हणला, वडगावच्या आबांमुळं."

"चुकलं माझं, सारजाबाई. मग फिरायला मिळालं का न्हाई?"

"मिळालं की! काम सरल्यावर पोरानं मला बोटीत बसीवलं. आवो, काय ते डोंगर पाण्यातनं वर आल्यालं…"

आणि बाई सुरू झाली. बोटीत शिरल्यापासून उतरेपर्यंत, उतरल्यावर खाल्लेल्या माशापासून तो विकणाऱ्या बाईच्या सुनेपर्यंत. मी दोनदा माझं अनुराधपूर मध्ये घालायला बघितलं, पण तिनं मला शिरकावच दिला नाही. "व्हय, व्हय," म्हणत मी फोन ह्या कानावरनं त्या कानावर केला. चहा निवला. शेवटी फोन गरम झाला तेव्हा ती थांबली.

जाईबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"आता कळलं का," ती म्हणाली, "आमाला इतकी वर्सं काय हुतंय ते?"